पडताळणी

सकाळी साडेसातला, ऊन चढायच्या आत,
हिलालभाऊ सपकाळे फुलं घेऊन लॅबमध्ये येतात.
वर्तमानपत्राच्या पुड्या, वर पेन्सिलीनं :
अंबाडी, अनेरच्या काठची.
भेंडी, घरामागची.
चिकणा, चोपडा बसस्टँडच्या भिंतीखालचा,
शेळी पोचायच्या आधी तोडलेला.
कापूस, चहार्डीचा. आज उमललेलं पिवळं फूल.
दुपार टळली की गुलाबी पडतं ते,
मग माझ्या कामाचं नाही.

मी परागकोश सुटे करते,
आम्लात घालते, उकळत्या पाण्यावर तीन मिनिटं धरते.
आत जे जे ओलं होतं ते जळून जातं.
उरतं टरफल.
आम्हाला तेवढंच हवं असतं.

भिंगाखाली अंबाडीचा कण :
गोल, अंगभर काटे,
काट्यांच्या मधे भोकं, सगळीकडं विखुरलेली.
हिलालभाऊंनी पहिल्यांदा डोळा लावला
तेव्हा बराच वेळ काही बोललेच नाहीत.
मग म्हणाले, "हाई ते गोखरू शे, ताई."

गोखरूच. आता वहीत मोजमाप.
काट्याची उंची, बुडाची रुंदी, टोक बोथट की अणकुचीदार.
भोकं तीनच असतील तर पेटारी.
खूप असतील तर पुढच्या ओळीवर जा.
चिकण्याचा कण लहान, भेंडीचा थोराड,
कापसाच्या मऊपणाचा तर
त्याच्या कणाला पत्ताच नाही.

मागल्या फाल्गुनात त्यांनी सावरीचं फूल आणलं,
यावलच्या रस्त्यावरचं, तळहाताएवढं लाल,
आणि मनगटावर खोडाच्या काट्यांचा ओरखडा.
कण पाहिला : तिकोनी, चपटा, जाळीदार.
काटा एकही नाही.
"मंग हाई त्यास्ना घरनी कशी?"
मी म्हटलं, आधी वेगळं कूळ होतं तिचं,
नव्या यादीत यांच्यातच धरतात.
"कोनी ठरायं?"
असं विचारून ते बीकर धुवायला गेले.

त्यांच्या मुलाचा जातीचा दाखला
आठ वर्षं समितीपुढं पडून आहे.
पणजोबांच्या शाळेचा पुरावा मागतात.
पणजोबा शाळेत गेले नव्हते,
तापीवर नाव वल्हवत होते.

परवा कपाटाच्या तळातून एक जुना नमुना निघाला.
लेबल कसरीनं खाल्लेलं :
सालाचे दोन आकडे, 'दा तालुका' एवढी अक्षरं,
गोळा करणाऱ्याचं नाव पार गेलेलं.
पानांचा चुरा. एक कळी,
उमलायच्या बेतात असतानाच दाबलेली.
सुईनं फोडली. बारा-पंधरा कण मिळाले.
आम्लातून काढले, चारदा धुतले.
पन्नासेक वर्षांचे काटे, जागच्या जागी.
भोकं तीन.
नव्या लेबलवर मी लिहिलं : पेटारी.
गोळा करणारा : अज्ञात.

हिलालभाऊंनी ती काच खिडकीच्या उजेडात धरली.
नुसत्या डोळ्याला तिच्यात काहीच दिसत नाही.
"बरं शे यास्नं," ते म्हणाले,
"काटा दखाडा, का व्हयनं."

मी काही बोलले नाही.
टेबलावरची शेवटची पुडी उलगडली.
चहार्डीचा कापूस
गुलाबी पडला होता.