बिनतारी

शिनचूला नवव्या महिन्यात वारा सुटतो.
पर्सिमनची फळं सुकवतो, माणसं चिडकी करतो.
शेअरदलालाच्या हॉलमध्ये मात्र हवा कोंडलेली,
प्लास्टिकच्या खुर्च्या, थर्मासमधला चहा
आणि फलकावर लाल आकडे.
इथे लाल म्हणजे चढ. हिरवं म्हणजे बुडालो.

म्हातारे चुंग एके काळी तारा वाटायचे,
सायकलवरून, पार डोंगरातल्या वस्त्यांपर्यंत.
दार उघडणाऱ्याचा चेहरा आधीच पांढरा पडलेला असायचा.
आता पेन्शन लावून बसलेत
बिनतारी चिपा करणाऱ्या एका कंपनीवर.
"विजेच्या मीटरला लागणार, गाईच्या कानाला लागणार,
कुलपाला, म्हाताऱ्यांच्या हृदयाला.
उरतंय काय सांगा?"
कोणी म्हणतं, अमेरिकेतून मोठी ऑर्डर आलीय.
कोणी म्हणतं, यायचीय.
बाजारात तुरी, आणि हॉलभर फोडणीचा वास.

फंग श्यूचिन बोलत नाही.
तिची भाची त्याच कारखान्यात.
कामाबद्दल अवाक्षर काढत नाही, तशी सहीच करून दिलीय.
एवढंच एकदा म्हणाली होती,
मशीन रुसू नये म्हणून त्यावर खाऊचं पाकीट ठेवतात,
हिरवंच. लाल ठेवलं की बंद पडतं.

पण दाराशी बूट असतात.
चौदा महिने ते रात्री अकराच्या आत आले नाहीत.
श्यूचिन बुटांवरून शेअर घ्यायची:
झाकलेलं ताट तसंच राहिलं की दहा,
रविवारही गेला की वीस.

परवा बूट साडेसहालाच दाराशी.
कालही.
भाचीने गरम भात दोनदा वाढून घेतला.
"काम कसं आहे गं?"
"वारा फार आहे, मावशी."

आज फलक लालेलाल.
श्यूचिनने सगळे विकले.
चिठ्ठीवर अक्षर नेहमीसारखंच आलं, याचं तिलाच नवल वाटलं.
मग चुंगांच्या शेजारी येऊन बसली,
पिशवीतलं सुकं फळ त्यांच्या हातावर ठेवलं.
"थोडे विकून टाका की."
"का? काही कळलं?"

तिला भाचीची सही आठवली,
लहानपणापासून शेवटची रेघ लांब ओढायची सवय.
"छे हो. वारा फिरलाय, म्हणून आपलं."
"वाऱ्यानेच तर हे गोड होतं," चुंग म्हणाले,
बोटं चाटली
आणि आणखी पाचशेची चिठ्ठी लिहायला घेतली.

पेन उमटेना. त्यांनी झटकलं, पुन्हा झटकलं.
तिने आपलं दिलं.