भडंगचा रसत्याग

नाव भडंग, कारण अंगाचा रंगच तसा,
तिखट-हळद लागलेल्या चुरमुऱ्यासारखा.
माघापासून तो पंजे चावत होता,
कान आतून लालबुंद, पोटावरचे केस गेलेले,
आणि रात्रभर फरशीवर नखांची खरड खरड.

आम्ही सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे अडते.
आधी हळदच लावली. मग कडुनिंब, मग करंजीचं तेल.
पिवळा कुत्रा आणखी पिवळा झाला,
खाज जिथल्या तिथे.

मिरजेच्या डॉक्टर मुजावरांनी कानात बॅटरी मारली.
म्हणाले, बाहेरचं काही नाही,
पोटात जातंय त्यातलंच काहीतरी याला सोसत नाही.
आठ आठवडे एकच अन्न द्या,
जे यानं जन्मात खाल्लेलं नाही.
बकऱ्याचं मटण चालेल?
मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो.
त्यांनी केसपेपरवर माझं आडनाव पुन्हा वाचलं, उपाध्ये,
आणि मटण खोडून लिहिलं: सोयाबीन, रताळं.

रताळं.
ज्या घरात अजून बटाटा आलेला नाही.
पद्मजा काही बोलली नाही.
मागच्या दारी जुना वातीचा स्टोव्ह काढला,
वेगळं पातेलं, वेगळी पळी,
आणि पदर खोचून तो जमिनीखालचा लाल कंद
ती रोज उकडत राहिली.

गल्लीला सांगून ठेवलं: बिस्किट नको, पाव नको, लाड नकोत.
तरी विसाव्या दिवशी चौगुल्यांच्या सन्मतीनं
खिशातलं अर्धं मारी टाकलंच.
पुन्हा पहिल्यापासून मोजणी.

मी गेल्या चातुर्मासात तूप सोडलं, तेव्हा पेठभर सांगत फिरलो.
यानं दूध, दही, पोळी सगळंच सोडलं,
आणि आपण काही सोडलंय
हे त्याला ठाऊकसुद्धा नाही.

सातव्या आठवड्यात पोटावर लव आली.

आता एकेक परत द्या, डॉक्टर म्हणाले,
ज्याचा दोष असेल ते आपणहून बोलेल.
पोळी दिली. पंधरा दिवस काही नाही.
मग दूध.
दुसऱ्या रात्री खरड खरड.

पाच वर्षं, रोज,
मंदिरातून आल्या आल्या, चहाच्याही आधी,
माझ्याच हातानं वाटीभर.
तो शेपूट हलवायचा.
मी पुण्य मोजायचो.

परवा क्षमावणीला दारोदार जाऊन आलो.
अडते, व्याही, नऊ वर्षं न बोललेला भाऊसुद्धा.
परतलो तर हा उंबऱ्यात.
मी हात जोडले.
त्याला वाटलं, आत काही आहे.
नाकानं तळवे उघडून बघितले.
काही नव्हतं.
तरी चाटले.