दवाखान्याची वही, नंदगड

पुठ्ठा वाळवीनं खाल्लाय,
शाई मात्र शाबूत:
डॉ. भार्गव हलशीकर, एल. एम. अँड एस.,
नंदगड, तालुका खानापूर. सन १९०७ पासून.
रकाने पाच. नाव, गाव, दुखणं, औषध, फी.

दुखणं ते रोग्याच्याच तोंडचं लिहीत.
"अंगात मुंग्या चालतात."
"छातीवर कोणी बसलंय, उठत नाही."
"चळी ज्वर", हे बाळप्पा मडिवाळर, बिडी.
"सासरी आलं की पोट दुखतं",
याच्यापुढं औषधाच्या रकान्यात: माहेरी आठ दिवस.
फी कधी चार आणे, कधी शेरभर मिरच्या,
कधी नुसतं 'येणे'.

माझा आजा, मोनाप्पा सुतार, त्यांचा कंपौंडर.
रंधा टाकून कात्री धरलेला.
बाटलीवर डकवायच्या कागदी पट्टीला दाते कापायचे,
एक दाता, एक डोस.
हाताला बापाच्या करवतीची सवय,
म्हणून आमच्या बाटलीत डोस कधी चुकला नाही,
असं सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

प्लेगात गाव उठून माळावर गेलं.
पेठेत राहिले दोघं, आणि मेलेले उंदीर.
डॉक्टर टोचायची सुई घेऊन झोपडी झोपडी फिरले.
पहिल्या दिवशी तीन माणसं. दुसऱ्या दिवशी दगड.
नोंद आहे: "कपाळ, टाके दोन. मोनाप्पानं घातले.
जरा तिरके आले."

हेमाडग्याच्या रानात हिवताप बारमाही.
छकड्यातून कोयनेल न्यायचे,
रोग्यांना मोजून,
स्वतःला चिमटीनं.

मग अठरा साल. मानमोडी.
इथं रकाने मोडतात.
आधी फी जाते, मग औषध, मग गाव.
मग नुसत्या उभ्या रेघा, पाचापाचांच्या जुड्या,
चार पानं.
पाचव्या पानावर अक्षर बदलतं,
जाड, वेलांट्या खिळ्यांसारख्या ठोकलेल्या:
"हलशीकर भार्गव. नंदगड. ताप एकशे चार.
कोयनेल. परत कोयनेल."
फी: येणे.

सतराव्या दिवशी उठले.
डावा कान गेला होता, उजव्यात रातकिडे.
तसेच तेरा वर्षं बसले त्या खुर्चीत.
नळी खुंटीला लागली ती लागलीच,
छातीवर तळहात ठेवायचे, डोळे मिटून,
भिंतीपलीकडचं कोणी चाचपावं तसे.

"काय होऊलंय?" सवयीनं विचारायचे,
उत्तर संपायच्या आत, "जीभ दाखव."
नाहीतर, "नालिगे तोरसू."
कन्नड म्हातारीला मराठीतून, मराठी पोराला कन्नडातून,
उलटसुलट व्हायचं सगळं,
समोरचं ऐकूच येत नव्हतं ना.
जीभ बाहेर यायचीच.

परवा पाटीवरून काचा फुटल्या पेठेत,
कुठली अक्षरं वर, कुठली खाली.
तेव्हा हेच पान उघडं होतं माझ्यापुढं.
मी शटर ओढून घेतलं. दुसरं काय करणार.

आजा दर पाडव्याला जुनं येणं खोडायचा,
तांबड्या शाईनं, पट्टी लावून.
डॉक्टरांच्या नावापुढचं तेवढं राहिलं.
त्यांनी एकदा बोट ठेवून विचारलं म्हणे,
"हे कोण देणार?"
आजा उजव्या कानाशी वाकला, काहीतरी ओरडला.
काय ओरडला ते त्यानं कधी सांगितलं नाही.

एकतीस साली गेले, बाजाराच्या दिवशी.
आजा नंतर पुन्हा सुतारकीला लागला,
पण रंध्याच्या आवाजावर आवाज चढवून
सगळ्यांशी उजवीकडूनच बोलायचा.
बाबा तसेच. मी तसाच.
बायको कोल्हापूरची. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात
घाबरून माहेरी कळवलं होतं तिनं,
इथं सारखी भांडणं चालतात.