रिकामं वजन

जुन्या बाजारात, बुधवारी,
लोखंडी पलंगामागे आडवा पडलेला हा बाटला.
काळा भोंगा, शिशाचं सील शाबूत,
मानेवर ठोकलेलं: रिकामं वजन अकरा किलो चारशे.
सन एकाहत्तर.

याला काटा नसतो.
आत काय उरलंय, तोलल्याशिवाय कळत नाही.

म्हणून दर दिवाळीआधी
पासलकरांच्या भंगाराच्या काट्यावर नेतो, सगळे नऊ.
"विकायचे नाहीत, तर तोलता कशाला?"

पिंपरीचा तो कारखाना कर्जात बुडाला.
आग तिथे कधी लागलीच नाही.

हा यंदा पाव किलो कमी भरला.
पितळी झडप पुसतो, कान लावतो.
आवाज नाही.
कुठल्याशा रात्रपाळीत कुणी भरलेला गारवा
सुटत चाललाय
माझ्या गॅलरीत,
जास्वंदीच्या कुंडीशेजारी.