चोवीस मीटर

पाथर्डी फाट्याच्या पलीकडे, चौथ्या मजल्यावर
आमच्या भिंतींना अजून प्लास्टर नाही.
अश्फाक म्हणतो, ताई, काय टाकायचं ते आत्ता टाका,
सोमवारी गवंडी आला की भिंत बहिरी झाली समजा.

म्हणून आज कंपनीतून सुटले ती परस्पर
एम. जी. रोडला, ओस्तवालच्या दुकानात.
पर्समध्ये वीजबिलाच्या पाठीवर लिहिलेलं माप :
हॉल ते स्वयंपाकघर, छताजवळून वळून,
चोवीस मीटर. दोनदा मोजलेले.

ओस्तवालने दोन गुंडाळ्या ठेवल्या काउंटरवर.
एक बावीस रुपये मीटर, एक अडुसष्ट.
दोन्ही तांबूस, दोन्ही काचेसारख्या वेष्टनात,
लग्नात एकसारख्या साड्या नेसलेल्या जावा जशा.
"आवाजात काही फरक नाही मॅडम,
नुसतं नावाचं घेतात ते."

मी म्हटलं, ब्लेड द्या.

अठरा वर्षं अंबडला मोटारींच्या कॉइल भरते मी.
तांबं माझी नखं ओळखतं.
स्वस्त तारेचं टोक खरवडलं,
दोन फटक्यांत आतून पांढरं ॲल्युमिनियम
दात दाखवून हसलं.
गुंडाळी हातावर तोलली, हलकी.
ओस्तवाल चष्मा पुसायला लागला.

बाविसाने पाचशे अठ्ठावीस,
अडुसष्टाने सोळाशे बत्तीस.
मधले अकराशे चार
म्हणजे एक सिलिंडर आणि वर थोडी भाजी.

टीव्हीच्या केबलला मात्र मी उलटी वागले.
एक होती सोनेरी टोकांची, जाळीचा अंगरखा घातलेली,
डब्यात मखमलीवर झोपलेली, एकोणतीसशेला.
दुसरी काळी, साधी, दहा मीटर, साडेसहाशे.
लावून दाखवा म्हटलं.
दुकानातल्या टीव्हीवर कुणीतरी वांगी चिरत होतं.
वांगी वांग्यांसारखी दिसत होती.
सोन्याने ती आणखी जांभळी झाली नसती.
ही तार चालली तर चालते, नाहीतर नाही;
हिच्या पोटात ते खरवडून काढण्यासारखं काही नाही.

काल रात्री यांनी विचारलं होतं,
टीव्ही हॉलमध्ये, मग स्पीकर स्वयंपाकघरात कशाला?
मी बोलले नाही. हात कणकेत होते.

सिडकोतल्या भाड्याच्या घरात एकवीस वर्षं
सगळ्या मालिका मी पाठमोरी ऐकल्या.
खून कुणी केला ते कुकरच्या शिट्टीत गेलं.
"काय म्हणाली हो ती?" विचारलं
की हे म्हणायचे, "काही नाही गं, रडतेय."
क्रिकेटचा शेवटचा चेंडू कसा पडला
ते मला शेजारच्यांच्या टाळ्यांवरून कळायचं,
आणि मी गॅस बारीक करून बाहेर येईपर्यंत
साबणाची जाहिरात लागलेली असायची.

सोळाशे बत्तीस मी सुट्ट्यासकट दिले.

घरी आले तर अश्फाक भिंतीला खाच मारत होता,
केसांवर विटेची लाल पूड.
काळ्या केबलचं टोक बघून म्हणाला,
हिचं डोकं पाऊण इंची पाइपातून जायचं नाही.
म्हटलं, ठाऊक आहे, दीड इंची आणलाय.
एकच वळण दे, तेही मोठं.

पाइपाचा एक तुकडा उरला.
तो बाल्कनीकडे टाकायला लावला,
जिथून पांडवलेणीचा डोंगर दिसतो.
"तिथे काय येणार, ताई?"
अजून माहीत नाही.
त्यात नुसती नायलॉनची दोरी ओवून ठेव,
पुढे कुणाला काही ओढून घ्यायचं झालं तर.

त्याने ओवली. दोन्ही तोंडांशी
मीच गाठी मारल्या, जाड,
आत सरकून जाऊ नयेत अशा.
मग भिंतीवर खडूने लिहिलं : इथे खिळा ठोकू नये.
सोमवारी प्लास्टरखाली जाईल तेही.