बाटली क्रमांक चार

वकील विचारतात, बर्फ कुठून आणला.
मी सांगते, अंकलीच्या पुलाजवळून, हौसाक्का भोईंकडून.
म्हणजे मासेवालीकडून?
हो.
म्हणजे त्या बर्फाला मासे लागलेले.
नाही साहेब. त्या सकाळी तिच्या पाटीत
नुसता बर्फच होता.

टंकलेखक थांबतो. मग ती ओळ कागदावर चढते.

फाईलला एक जुना पंचनामा जोडलाय, अठ्ठ्याऐंशी सालचा:
पाणी काळपट. वास उग्र. मासे मयत.
खाली तीन अंगठे, एक सही.
वास कोर्टापर्यंत टिकत नाही.
तो खटला पडला.

म्हणून आता आम्ही बाटल्या भरतो.
नाल्याच्या वर दोन, तोंडाशी एक, खाली एक.
बुचाखाली बुडबुडा राहू द्यायचा नाही.
दोन द्रावणं, मग बाटली उलटसुलट.
पाण्यात श्वास असेल तर साका तपकिरी येतो.
चौथीत पांढरा आला, शाळूच्या पिठासारखा.
पंच बाहुबली मगदूम म्हणाले,
पांढरं म्हणजे चांगलंच की, बाई?

वडील हरिपूरला हळदीच्या पेवांवर होते.
पेव उघडलं की आधी दोरीनं कंदील सोडायचा,
माणूस नंतर.
विझला तर कुणी उतरायचं नाही.
त्या कंदिलाला कधी कुणी विचारलं नाही
तुझं शिक्षण किती, तुला कुणी तपासलं,
तुझं सील शाबूत होतं का.

मला विचारतात. विचारावंच.
लाख, सुतळी, वेळ सहा वाजून दहा.
नाल्याच्या तळातून काढलेली गाळाची कांडी
उभी चिरलेली: दर गळीत हंगामाला एक काळा पट्टा.
मध्ये एक बोटभर थर पिवळा, निर्मळ.
त्या साली कारखाना बंद होता.
वकील पान उलटतात. पुन्हा उलटतात.

मग म्हणतात, ती बाटली उघडून दाखवा.
उघडली, साहेब, तर ह्या खोलीतली हवा आत जाईल,
साका तपकिरी पडेल,
आणि बाटली खोटं बोलायला लागेल.

न्यायाधीश चष्मा पुसतात.
पुढची तारीख.

बाहेर पायरीवर हौसाक्का.
साक्षीदारांच्या यादीत ती नाही.
बर्फाचे तीस रुपये राहिलेत, बाई.
मी देते,
आणि सवयीनं
पावती मागते.