चार्ज

येमूल मॅडम,
तुम्ही रिटायर झालात त्या दिवशी
चार्ज घ्यायला कोणीच नव्हतं.
डेमॉन्स्ट्रेशन रूमची किल्ली
तुम्ही माझ्या हातावर ठेवलीत.
‘तात्पुरती ठेव गं वाघमोडे, माणूस आलं की दे.’
तिसरं वर्ष चालू आहे.
कात्री, टॉर्च, दोन पेनं आणि ती किल्ली;
ॲप्रनच्या खिशाला बरोबर तिथंच भोक पडलंय.

जाहिरात दोनदा निघाली.
एक बाई आल्या होत्या लातूरहून,
पगाराचा आकडा ऐकला
आणि अर्धा चहा कपात ठेवून स्टँडवर गेल्या.
त्यांचं तरी काय चुकलं?
सध्या पहिल्या वर्षाची हजेरी
ऑफिसातले चिलवेरी भाऊसाहेब घेतात.
‘पान एकशे बारा, मनात वाचा,’ म्हणतात
आणि स्वतः मोठ्यानं वाचत बसतात.
नाडीचे प्रकार त्यांना आता पाठ आहेत.
मनगट अजून कुणाचं धरलेलं नाही.

आणि इकडे मे महिना.
रात्री दोनला भिंतीला हात लावला तर
भाकरी उतरवलेल्या तव्यासारखी.
खाटा चाळीस, माणसं सत्तावन्न,
सतरा जण खाली, घरच्या चादरींवर;
चादरीवरचे मोर उशाशी, सलाईन खिडकीच्या गजाला.
आम्ही दोघी. त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर,
म्हणजे मी.
म्हणजे मी आणि अनुषा गाजूल,
दुसरं वर्ष, कुंभारीच्या घरकुलातली,
हातात सुई, आणि सुईला कापरं.

मैंदर्गीचे आजोबा, अंगातलं पाणी आटलेलं,
‘नीर कोडवा’ म्हणत होते, आवाज नुसता ओठांवर.
तिनं दोनदा टोचलं. दोन्हीदा शीर निसटली.
मी हात पुढे केला, घेणारच होते सुई,
माझं मिनिटभराचं काम.
आणि मॅडम, तुम्ही आठवलात.
फळ्यापाशी नाही. माझ्या मागं उभ्या,
माझं बोट तुमच्या दंडावर दाबून धरलेल्या.
‘डोळे मिट. माझे वडील अंधारात मागावर
तुटलेला ताणा बोटानं शोधायचे. दिवा नाही लावायचे.’

पण अनुषाच्या घरी माग नाही.
म्हणून विचारलं, ‘आई विड्या वळते ना?
तंबाखू किती, ते बघून भरते?’
‘नाही सिस्टर. बोटाला कळतं.’
‘मग बोटाला विचार.’
बाहीची गाठ बांधली, तिनं डोळे मिटले,
बोट फिरलं, थांबलं,
परत एकदा जराशी मागं आलं.
‘हितं आहे,’ म्हणाली, तेलुगूत की मराठीत
ते आता आठवत नाही.

सात मिनिटं गेली त्यात.
त्या सात मिनिटांत एकतीस नंबरची बाटली संपून
नळीत रक्त चढलं होतं.
मुलगी हाका मारत होती तिथली. मला ऐकू आल्या होत्या.
सकाळी रिपोर्ट बुक भरताना पेन अडलं.
औषध, ताप, लघवी, सगळ्याला रकाना आहे.
शिकवलं, हे कुठं लिहायचं?

रविवारी खोली उघडली.
रबरी पेशंटच्या छातीवर पालीची अंडी,
फळ्यावर तुमच्या अक्षरात तारीख.
मुली येतील सहा-सात, वाटलं होतं. एकवीस आल्या.
हात तिथं एकच होता, रबराचा,
मग मी माझा दिला.
दोन्ही कोपरं काळीनिळी आहेत, काळजी करू नका.

ट्यूटरचा फॉर्म आणलाय मी.
नाव, जन्मतारीख, ‘अनुभव’पर्यंत भरला.
सही राहिली आहे.
मी तिकडं आले तर रात्रीच्या सत्तावन्न जणांना
कोण, ते त्यात विचारलेलं नाही.
तुम्हाला माहीत असेल तर कळवा.
खिसा मात्र शिवून घेतला काल,
दुहेरी दोऱ्यानं.